मागितलेलं गाणं आणि न मागितलेलं गाणं : रेडिओ श्रोत्यांच्या चार पिढ्या

या व्याख्यानमालेत आपण रोजच्या वापरातली एखादी साधी गोष्ट घेतो आणि तिच्या पोटात कुठला प्रश्न दडलाय ते पाहतो. आजची गोष्ट आहे रेडिओवरची गाणी. विषय हलकाफुलका वाटेल, पण मला तो तसा वाटत नाही. का, ते हळूहळू उलगडेल.

एका वाक्यापासून सुरुवात करू. रेडिओवाल्यांना विचारा, तुम्ही हीच गाणी का लावता? उत्तर ठरलेलं असतं, "लोकांना हवं तेच आम्ही लावतो." वाक्य अगदी निरागस आहे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला निरागस वाक्यांचाच संशय येतो. माझा प्रश्न असा, की लोकांना काय हवंय हे रेडिओला कळतं कुठून? या एका प्रश्नाला आपल्या देशात गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत चार वेगवेगळी उत्तरं दिली गेली. प्रत्येक उत्तराने वेगळा कार्यक्रम घडवला आणि वेगळा श्रोताही घडवला. आज ती चार उत्तरं क्रमाने पाहायची आहेत.

पहिलं उत्तर : लोकांना काय हवं ते आम्हाला ठाऊक आहे

साल १९५२. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जन्म पुण्याचा, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांचं निदान असं होतं, की परकीय राजवटीत संगीताचा राजाश्रय गेला, अभिरुची घसरली, आणि आता सिनेमाची गाणी उरलंसुरलं बुडवणार. मग उपाय काय? तर राजाश्रयाची जागा रेडिओने घ्यायची.

ऑल इंडिया रेडिओने सिनेमाच्या गाण्यांचा वेळ कापला. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं म्हणून तेही बंद केलं. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. परिणाम असा झाला, की थोड्याच महिन्यांत सरकारी रेडिओवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागलं. कलाकारांच्या ऑडिशन कडक झाल्या.

इथे श्रोता कोण आहे? श्रोता आहे विद्यार्थी. त्याला काय आवडतं हे विचारायचं नाही, काय आवडायला हवं ते शिकवायचं.

आता यावर हसणं सोपं आहे. जाणकारांच्या हाती सत्ता दिली की काय होतं याचं एक उदाहरण तर केसकरांच्याही आधीचं आहे. १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. वाद्य परदेशी, त्यातून मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, असा युक्तिवाद होता. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक झाले, ज्यांचं नाट्यसंगीत पेटीवर उभं राहिलं, त्या महाराष्ट्राच्या कानाला हे काय वाटलं असेल! ही बंदी सैल व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे तज्ज्ञ चुकतात, आणि त्यांच्या हाती एकुलता एक माईक असला की चूक तीस वर्षं टिकते. ही बाजू लक्षात ठेवा. कारण आता मी दुसरी बाजू सांगणार आहे.

सिनेमाचं गाणं काढल्यावर जी जागा रिकामी झाली ती भरायची कशाने? रेडिओने स्वतः सुगम संगीत तयार करायला सुरुवात केली. मराठीत भावगीत आधीपासून होतंच, पण त्याला घर मिळालं ते रेडिओत. मुंबई केंद्राच्या 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमातून नवी गीतं लोकांसमोर आली. आणि पुण्यात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, त्या दिवशी 'गीतरामायणा'चं पहिलं गीत प्रसारित झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पनेमागे केंद्रावरचे सीताकांत लाड. वर्षभर, आठवड्याला एक अशा बेताने छप्पन्न गीतं झाली. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, अशा आठवणी आजही सांगितल्या जातात.

आता मला सांगा, १९५५ च्या मार्च महिन्यात तुम्ही पुण्यात घरोघर जाऊन विचारलं असतं, "तुम्हाला काय ऐकायचंय?" तर एकाने तरी सांगितलं असतं का, की "छप्पन्न गीतांतून रामकथा ऐकवा"? कसं सांगणार? ती गोष्ट अस्तित्वातच नव्हती. मागणी नव्हती. ऐकल्यावर मागणी निर्माण झाली. हा मुद्दा बाजूला ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुसरं उत्तर : लोकांनाच विचारा, ते पत्र लिहितील

सिनेमाचं गाणं भारतातून गेलं ते कुठे गेलं? कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सिलोनमध्ये एक ताकदवान लघुलहरी केंद्र उभं राहिलं होतं. युद्ध संपलं, ट्रान्समीटर राहिला, आणि त्यातून रेडिओ सिलोनचा व्यवसाय सुरू झाला. ३ डिसेंबर १९५२ ला तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सायानी. गंमत बघा, गाणी मुंबईत तयार झालेली, निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लहरींवर बसून पुन्हा मुंबईत, नागपुरात, बिहारमध्ये परत यायची. सरकारने समोरचं दार लावलं आणि लोकांनी समुद्रापलीकडची खिडकी उघडली.

पण गीतमालेतली खरी नवी गोष्ट गाणी नव्हती. नवी गोष्ट होती पत्रं. गाण्यांची क्रमवारी लावताना रेकॉर्डची विक्री पाहिली जायची, आणि त्याच्या जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मतंही. फर्माइशीच्या कार्यक्रमांत तर नावं वाचली जायची. झुमरीतलैया हे गाव भारताच्या नकाशावर कुठे आहे हे बहुतेकांना आजही सांगता येणार नाही, पण नाव सगळ्यांना माहीत आहे, कारण तिथले लोक फर्माइशी पाठवताना थकत नसत.

सरकारलाही हे दिसत होतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली. सिनेमाचं गाणं सन्मानाने घरी परतलं. त्याच्या जोडीला 'हवामहल'ची नाटुकली, सैनिकांसाठी 'जयमाला', रात्रीचं 'छायागीत', आणि रागाची ओळख करून देणारी 'संगीत सरिता', हे सगळं त्या एकाच वाहिनीवर रुजलं. मराठीत मुंबई केंद्राची 'आपली आवड' होती. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. दिवाणखान्यातला, लांब एरियलचा, मोठ्यांच्या हातातला रेडिओ सुटून शेताच्या बांधावर, टपरीवर, पोरांच्या उशाशी गेला.

या काळातला श्रोता म्हणजे पत्रलेखक. त्याला मत आहे, नाव आहे, गाव आहे. त्याची फर्माइश पूर्ण होते, पण ती कशी पूर्ण होते ते नीट पाहा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात सहा-सात गाणी. त्यातलं माझं एक. बाकीची कुणा दुसऱ्याची. माझं गाणं ऐकायचं असेल तर तुमची पाच ऐकावी लागतात. त्यातलं एखादं तुमचं गाणं हळूच माझं होऊन जातं. मागितलेलं आणि न मागितलेलं असं एकत्र विणलेलं हे वस्त्र होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. निवेदक प्रत्येक गाण्याआधी सांगायचा की सिनेमा कुठला, गीतकार कोण, संगीतकार कोण, गायक कोण. चार सेकंदांचं काम. पण या चार सेकंदांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं की गाण्याला शब्द लिहिणारा कुणी असतो. शाळेत न गेलेला माणूससुद्धा शैलेंद्र कोण आणि साहिर कोण हे सांगू शकायचा. हे त्याला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवलं नव्हतं.

तिसरं उत्तर : मोजून पाहा

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती आल्या. सुरुवात आपल्याच मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून झाली. जाहिरातदार एक साधा प्रश्न विचारतो : ऐकतंय कोण, आणि किती जण? हा प्रश्न तेव्हा दबकत आला होता. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचा वेळ खासगी निर्मात्यांना द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. २००१ साली बंगळुरूत पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली, २००२ मध्ये मुंबईत एकदम अनेक वाहिन्या आल्या.

आपल्याला वाटलं, आता विविधता येणार. एक दुकान होतं, पाच झाली. पण पाचही दुकानांत एकच माल! नवी हिंदी गाणी, तीच तीच, दिवसातून अनेकदा. मुंबईच्या वाहिन्यांवर मराठी गाणी वाजत नाहीत, ही तक्रारही त्याच काळातली.

असं का झालं? वडीलधारी मंडळी चटकन म्हणतात, "हल्लीच्या पोरांची आवडच तसली." मला हे मान्य नाही. पोरांनी वाहिन्या काढल्या नव्हत्या. कारण पैशाच्या गणितात आहे. पहिल्या फेरीत परवान्यांचा लिलाव झाला. बोली लावून ठरलेलं शुल्क दरवर्षी भरायचं आणि ते दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार. उत्पन्न होवो न होवो. २००५ मध्ये हे बदललं, एकदाच भरायचं प्रवेश शुल्क आणि उत्पन्नातला चार टक्के वाटा अशी पद्धत आली. पण तोवर सवय पडली होती. शिवाय खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई, ती आजही आहे. पुढे आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची मुभा मिळाली, एवढंच. म्हणजे हातात उरलं काय? गाणी आणि गप्पा. जड शुल्क, एकच माल, आणि सगळ्यांचा डोळा एकाच जाहिरातदारावर. अशा वेळी कुठला व्यवस्थापक अनोळखी गाणं लावण्याचा धोका पत्करेल?

मग गाणी निवडायची कशी? चाचणी घ्यायची. श्रोत्यांना गाण्याचा ओळखीचा तुकडा, काही सेकंदांचा, ऐकवायचा आणि विचारायचं, आवडतं का? या पद्धतीत एक तर्कदोष आहे. काही सेकंदांत माणसाला काय ओळखता येतं? आधी ऐकलेलं. म्हणजे ओळखीच्या गाण्याला गुण जास्त, गुण जास्त म्हणून ते जास्त वाजणार, जास्त वाजलं म्हणून आणखी ओळखीचं होणार. तर्कशास्त्रात याला आपण चक्रक म्हणतो. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरायचं. "लोकांना हवं तेच लावतो" हे वाक्य इथे खरं ठरतं, पण लोकांना ते हवंसं केलं कुणी, हा प्रश्न त्या वर्तुळाबाहेर राहतो.

इथला श्रोता म्हणजे वयोगट. अमुक ते अमुक वय, अमुक उत्पन्न, सकाळी नऊ ते अकरा गाडीत. त्याचं नाव वाचलं जात नाही, आणि गीतकाराचंही नाही.

मात्र एक चांगली गोष्ट या पिढीने केली ती नोंदवली पाहिजे. निवेदकाची भाषा जमिनीवर आली. आकाशवाणीचा निवेदक व्यासपीठावरून बोलायचा, एफएमचा निवेदक शेजारच्या सीटवर बसून बोलतो. हिंदी-मराठी-इंग्रजीची भेळ असते खरी, पण ऐकणाऱ्या मुलामुलींना पहिल्यांदा वाटलं, हा आमच्यातला आहे.

चौथं उत्तर : विचारू नका, बोटाकडे पाहा

आता मोबाईल. तुम्ही गाणं लावलं, अर्ध्यात सोडलं, पुन्हा लावलं, रात्री दीडला लावलं, सगळ्याची नोंद. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ऐकलं असं धरतात. म्हणजे ज्या गाण्याची सुरुवात सावकाश आहे, त्याची परीक्षा वर्गात शिरायच्या आधीच संपते.

इथे कुणी पत्र लिहीत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही. तुमचं बोट हेच तुमचं मत. आणि खरंच, हे यंत्र माझी आवड माझ्या बायकोपेक्षा चांगली ओळखतं. मग बिघडलं काय?

दोन गोष्टी बिघडल्या, असं मला वाटतं. त्या सांगायला मला दोन तत्त्वज्ञांची मदत लागेल. घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

पहिला कान्ट. १७९० च्या ग्रंथात तो एक फरक करतो. "मला हे आवडतं" हे एक विधान, आणि "हे सुंदर आहे" हे दुसरं. मला कारलं आवडतं म्हणून तुम्हाला आवडावं असा माझा आग्रह नसतो. पण हे गाणं सुंदर आहे असं मी म्हणतो तेव्हा तुम्हीही ते मान्य करावं अशी माझी अपेक्षा असते. तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालतो, पुन्हा ऐकवतो, अंतऱ्याची जागा दाखवतो. म्हणजे सौंदर्याची भाषा दुसऱ्या माणसाला धरून आहे. यंत्राला फक्त पहिलं विधान कळतं. त्याच्या लेखी गाणी म्हणजे कारली, ज्याला आवडतील त्याने खावीत. घरात चार माणसं, आठ कान, चार वेगळ्या याद्या. वाद घालायला समान गाणंच नाही.

दुसरा कार्ल मानहाइम. पिढी म्हणजे काय, यावर त्याचा १९२८ चा निबंध आहे. तो म्हणतो, एका साली जन्मल्याने पिढी होत नाही, तरुण वयात एकाच अनुभवातून गेल्याने होते. बुधवारी रात्री आठ वाजता गीतमाला ऐकणाऱ्यांची पिढी झाली, कारण तो बुधवार सगळ्यांचा होता. आज वीस वर्षांच्या दोन मुलांनी गेल्या महिन्यात ऐकलेल्या गाण्यांत एकही समान नसेल, हे सहज शक्य आहे. वय सारखं, पिढी एक आहे का?

आपल्याकडे अभिनवगुप्ताने सहृदयाची कल्पना मांडली. सहृदय जन्मतः होत नाही, काव्याच्या सतत सहवासाने, अभ्यासाने मनाचा आरसा स्वच्छ होतो, असं तो सांगतो. रुची आधी आणि ऐकणं नंतर, असं नाही. ऐकण्यातून रुची घडते. मघाशी बाजूला ठेवलेला 'गीतरामायणा'चा मुद्दा इथे येतो. ज्याला फक्त मागितलेलं मिळतं, त्याच्या मागण्या वाढतच नाहीत. त्याची रुची कालच्या मापाची राहते.

मग काय, केसकरांना परत बोलवायचं?

व्याख्यान संपल्यावर हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. एका माणसाने सगळ्यांसाठी ठरवणं चूकच होतं. लोकांनी कोलंबोला काटा फिरवून ते सांगितलं, आणि बरं झालं सांगितलं. जुना रेडिओ सगळ्यांचा होता हेही अर्धसत्य आहे. माईकपर्यंत कुणाचा गळा पोचेल हे ऑडिशन समिती ठरवायची. आज एखादी मुलगी आपल्या गावातून, आपल्या बोलीत गाऊन लाखांपर्यंत पोचते. हे तेव्हा अशक्य होतं. कुठलाही शहाणा माणूस हे परत द्यायला तयार होणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की चारही उत्तरांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. श्रोत्याचा मान राखणं ही एक गोष्ट, आणि श्रोत्याला नवं देणं ही दुसरी. केसकरांनी नवं दिलं, पण मान राखला नाही. यंत्र मान राखल्यासारखं दाखवतं, पण नवं म्हणून जे देतं ते कालच्याचंच भावंडं असतं. फर्माइशीच्या जमान्यात या दोन्ही गोष्टी काही काळ एकत्र नांदल्या. कुणी ठरवून केलं असं नाही, वेळ थोडा आणि मागणारे फार, म्हणून ते घडलं. आज वेळ आणि वाहिन्या अमर्याद आहेत, त्यामुळे ते आपोआप घडणार नाही. ठरवूनच करावं लागेल.

कसं? मोठी योजना माझ्याकडे नाही. पण २००६ च्या अखेरीस आपल्याकडे सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. पुण्यात विद्यापीठाचं 'विद्यावाणी' आहे. अशा केंद्रांचा आवाका काही किलोमीटरांचा, पैसा थोडा. पण तिथे शेजारच्या वस्तीतली बाई ओवी म्हणते आणि ऐकणारा तिला ओळखतो. ती ओवी त्याने मागितलेली नसते.

आणि घरापुरतं सांगायचं तर आठवड्यातून एक तास एकच स्पीकर लावा. आजीचं एक, नातवाचं एक, आईचं एक, बाबांचं एक. नियम दोन. दुसऱ्याचं गाणं मध्येच बदलायचं नाही, आणि आपलं लावताना गीतकाराचं नाव सांगायचं. नातवाचं रॅप तुम्हाला आवडेल असं मी म्हणत नाही. कदाचित तुमचा वाद होईल. पण कान्टच्या हिशोबाने तो वाद होणं हीच संगीताची बोलणी पुन्हा सुरू झाल्याची खूण आहे.

पुढच्या वेळी आपण घड्याळ घेऊ, आणि वेळ पाळणं हे नैतिक मूल्य कधीपासून झालं ते पाहू. तोवर घरचा हा एक तास करून बघा आणि काय झालं ते मला कळवा.